लेकीच्या सॅकमध्ये चाकू: द्यावा का, आणि कसला?



गेल्या डिसेंबरात आमच्या घरी आठ दिवस एका चाकूवरून चर्चा चालली होती. लेक कॉलेजच्या ग्रुपबरोबर रतनगड ते हरिश्चंद्रगड अशा ट्रेकला निघाली होती. रतनवाडीहून चढायचं, कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरायचं, तिथून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. तीन दिवस चाल, दोन रात्री तंबूत. ग्रुपनं पाठवलेल्या सामानाच्या यादीत स्वेटर, टॉर्च, शिट्टी, पाण्याच्या बाटल्या असं सगळं होतं आणि मधेच एक ओळ होती: घडीचा चाकू.

सासूबाईंनी यादी ऐकली आणि त्या ओळीवर थांबल्या. "पोरीला हातानं शस्त्र देणार तू? आणि तेही रानात जाताना?" त्याच संध्याकाळी पुण्याहून नणंदेचा फोन आला. त्यांचं अगदी उलट. "वहिनी, चाकू द्याच, आणि चांगला मोठा द्या. मुलीची जात आहे, रानात कोण कसं भेटेल सांगता येत नाही."

लेकीचं म्हणणं दोघींपेक्षा साधं होतं. "आई, ग्रुपच्या चाकूनं कांदा चिरणार, बटाटा चिरणार. कुणी अंडीही आणेल. त्याच चाकूनं मी माझी काकडी कशी चिरू?"

मला वाटतं, या तिघींपैकी प्रश्न नीट कळला होता तो लेकीलाच. तो मी कसा सोडवला आणि त्यातून माझं काय मत झालं, ते आज लिहिते. आपल्या पुष्कळ मुली आता ट्रेकला जातात, तेव्हा हा विषय आज ना उद्या तुमच्याही घरी येईल.

सासूबाईंचा आक्षेप खोटा नव्हता

आधी हे मान्य करते. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती आहे आणि अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत 'हिंसादान' येतं. हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं म्हणजे हिंसादान. रत्नकरंड श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी यात कुऱ्हाड, तलवार यांच्याबरोबर कुदळ आणि अग्नीही धरला आहे. म्हणजे सासूबाई शास्त्राला धरूनच बोलत होत्या. "हल्ली सगळ्याच मुली नेतात" एवढ्यावर मी त्यांना गप्प केलं असतं, तर ते बरोबर झालं नसतं.

पण व्रताच्या नावातच 'अनर्थ' आहे. अर्थ म्हणजे प्रयोजन. प्रयोजन नसताना केलेली हिंसा, दिलेलं साधन, उगाच साठवलेली वस्तू, या सगळ्यावर ते व्रत बोट ठेवतं. कुदळही त्या यादीत आहे, आणि तरी आपला दक्षिण महाराष्ट्रातला समाज पिढ्यान् पिढ्या शेतीच करत आला आहे. कुदळ ज्याला हवी त्यानं, हवी त्या कामापुरती, जपून वापरावी असा त्याचा अर्थ आपल्या वाडवडिलांनी घेतला.

आमच्याच घरातलं उदाहरण. सासऱ्यांकडे कलमाचा चाकू होता, घडीचाच. द्राक्षाचं कलम करताना ते पातं एका झटक्यात स्वच्छ चालावं लागतं, म्हणून त्याला वस्तऱ्यासारखी धार असते. वीस-पंचवीस वर्षं तो त्यांच्या खिशात होता. त्याला घरात कुणी कधी शस्त्र म्हटलं नाही. सासूबाईंना मी एवढंच विचारलं, "आई, मामंजींच्या चाकूला आपण काय म्हणायचो?" त्या म्हणाल्या, "अवजार." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण ते जपून वापरायचे." तोच तर मुद्दा होता.

भीतीपोटी घेतलेला चाकू नको

आता नणंदेचं म्हणणं. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून, मारण्याच्या इराद्यानं केलेली संकल्पी हिंसा गृहस्थानं पूर्ण सोडायची. चूल, केरवारा, भाजी चिरणं यात घडते ती आरंभी. शेती-व्यवसायात घडते ती उद्योगी. स्वतःचं आणि आपल्या माणसांचं रक्षण करताना घडते ती विरोधी. शेवटच्या तीन गृहस्थाला टळत नाहीत, पण त्या जितक्या कमी करता येतील तितक्या करायच्या.

विळी आरंभी हिंसेत येते, कलमाचा चाकू उद्योगीत. मग लेकीचा चाकू कशात? काकडी चिरायला असेल तर आरंभीत. "कुणी भेटलं तर" म्हणून दिला तर विरोधीत. वस्तू एकच, पण कोणत्या कारणासाठी घेतोय त्यावर दुकानातली निवडच बदलते. भीतीपोटी घ्यायला गेलं की पातं लांब हवंसं वाटतं, टोक अणकुचीदार हवंसं वाटतं. सिनेमातल्या रामपुरीसारखा खटकन उघडणारा चाकू बरा वाटायला लागतो. ऑनलाइन बघितलं तर काळ्या रंगाचे, कवटीचं चित्र काढलेले चाकू 'ट्रेकिंगसाठी' म्हणून विकायला आहेत. काकडी चिरायला कवटी कशाला लागते?

आत्मरक्षणाचा हक्क मी नाकारत नाही, धर्मही नाकारत नाही. पण ज्या मुलीनं आयुष्यात कुणावर हात उगारला नाही, तिच्या हातातला चाकू समोरच्यानं हिसकावून घेणं सोपं असतं. मग तिची भीती तिच्यावरच उलटते. तिला खरं रक्षण देतं ते वेगळं: सोडून न जाणारा ग्रुप, गळ्यात शिट्टी, चार्ज केलेला फोन, 112 हा नंबर, आणि आज कुठे मुक्काम आहे हे घरी माहीत असणं. नणंदेला मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण मनाला बरं वाटतं ना." आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून मुलीच्या खिशात हत्यार ठेवणं, हे मला पटत नाही.

रानात चाकूचं खरं काम किती?

फार थोडं. फळ चिरणं, पाकीट उघडणं, तंबूची दोरी कापणं, पायाला फोड आला तर चिकटपट्टीचा तुकडा कापणं. क्वचित सॅकचा पट्टा कुठे अडकला किंवा जखमेवरचा कपडा कापायचा झाला, तर. यातली निम्मी कामं छोटी कात्री जास्त चांगली करते.

जी कामं चाकूची नाहीत, ती मुलींना आधीच सांगून ठेवा.

साप चावला तर चाकूचा काही उपयोग नाही. दंशावर चीर देणं, रक्त चोखणं, वर करकचून बांधणं, या तिन्ही गोष्टी डॉक्टर निक्षून नको म्हणतात. तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, माणसाला धीर द्यायचा आणि लवकरात लवकर दवाखान्यात पोचवायचं, एवढंच.

जळू लागली तर चाकूचं टोक लावायचं नाही. आणि मीठही टाकायचं नाही. मिठानं ती तडफडते, आपण ते बघतही नाही. नख किंवा एखादं जुनं कार्ड कातडीला समांतर धरून तिच्या तोंडाखाली हळूच सरकवलं की ती सुटते. मग पानावर घेऊन बाजूला सोडून द्यायची. पावसाळी ट्रेकला जाणाऱ्या मुलींनी हे घरीच ऐकून जावं.

फांद्या तोडायला, खोडावर नाव कोरायला, सालं काढायला चाकू नाही. वाळलेलं लाकूडसुद्धा रिकामं नसतं. सालीखाली, पोकळीत मुंग्या, वाळवी, किडे राहतात. ते घर आपण शेकोटीत घालतो. स्वयंपाकाला छोटी गॅसशेगडी न्यावी.

ही यादी केली की लक्षात येतं, आपल्याला हवा आहे तो एक छोटा, स्वयंपाकघरातलाच चाकू, फक्त घडी होणारा.

निवडताना मी काय बघितलं

पातं: अडीच ते साडेतीन इंच. पेरू, काकडी, ब्रेड यांना एवढं पुरतं. शस्त्र कायद्याच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं परवान्याच्या यादीत येतात, घरकाम आणि शेतीसाठी घडवलेली सोडून. आपला चाकू त्याच्या जवळपासही जात नाही. विमानानं जायचं असेल तर मात्र तो हातातल्या बॅगेत चालत नाही, आत देण्याच्या सामानात ठेवावा.

धार: साधी, सरळ. करवतीसारखे दाते दोरीला बरे, पण आपल्याला भाजी-फळ चिरताना आत अळी आहे का ते बघत, हळू उघडत जायचं असतं. दाते भसकन फाडतात. शिवाय दात्यांना घरी धार लावता येत नाही.

पोलाद: न गंजणारं. कार्बन पोलादाला धार छान येते, पण लिंबाच्या रसानं, ओलाव्यानं ते डागाळतं, गंजतं. रोज पुसून तेल लावणारी व्यक्ती असेल तरच ते घ्यावं. वीस वर्षांच्या मुलीकडून ती अपेक्षा मी ठेवली नाही.

अडक: माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. घडीच्या चाकूचा खरा धोका म्हणजे वापरताना पातं मिटून बोटांवर येणं. म्हणून उघडल्यावर पातं पक्कं अडकणारा चाकू घ्यावा. काहींत आतली पट्टी सरकून पात्यामागे बसते, काहींत मुठीच्या पाठीवर खटका असतो. ओपिनेल या फ्रेंच चाकूत फिरणारी धातूची कडी असते. ती युक्ती 1955 पासूनची. उघडून कडी फिरवली की पातं हलत नाही, आणि हे डोळ्यांना दिसतं, म्हणून नवख्या मुलीला समजायला सोपं. दुकानात बघताना पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबून बघावी, बोटं वाटेतून बाजूला ठेवून. मिटतंय असं वाटलं तर तो ठेवून द्यावा.

मूठ: इथे आपण सगळ्यात जास्त चुकतो, कारण विचारतच नाही. चाकूंच्या मुठी हाडाच्या, सांबरशिंगाच्या असतात आणि त्या 'खास' म्हणून महाग विकतात. म्यान चामड्याचं असतं. दुकानदाराला स्पष्ट विचारा. लाकूड, नायलॉन किंवा प्लास्टिक घ्या, म्यान कापडी. जिच्या घरात चामड्याची पर्स येत नाही, तिच्या लेकीच्या हातात हाडाची मूठ नको. रंग भडक असला तर उत्तम. गवतात पडला तर सापडतो, मागे राहून कुणाच्या पायात जात नाही.

स्वच्छता: घडीच्या चाकूत बिजागरीची खाच असते, तिथे फळाचा कण अडकतो. एक दिवस गेला की त्यात जीवोत्पत्ती, आणि मुंग्या तर तासाभरात. म्हणून मूठ जितकी साधी आणि खाच जितकी मोकळी, तितकं बरं. वापरला की गाळलेल्या पाण्यानं धुवायचा, कोरडा पुसायचा, मगच मिटायचा. बिजागरीला महिन्या-दोन महिन्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो, पात्याला मात्र ते लावू नये.

आणि एक, जास्तीच्या गोष्टी. बाटली उघडायचं, स्क्रू फिरवायचं, माशाचे खवले काढायचं अशी डझनभर अवजारं असलेले चाकू मिळतात. अनर्थदंडव्रताच्या अतिचारांत गरजेपेक्षा जास्त भोग-उपभोगाच्या वस्तू गोळा करणं हाही एक अतिचार आहे. जे कधी वापरणार नाही, ते पाठीवर वाहायचं कशाला? कात्री आणि चिमटा असलेला छोटा स्विस चाकू हा मात्र चांगला पर्याय आहे. त्याच्या साध्या प्रकारात पातं अडकत नाही, हे लक्षात ठेवून वापरावा. व्हिक्टोरिनॉक्स हे त्याचं नाव कुठून आलं माहीत आहे? कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिरानं 1884 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये काम सुरू केलं. 1909 मध्ये त्याची आई वारली, तेव्हा त्यानं आपल्या मालाला तिचं, व्हिक्टोरिया हे नाव दिलं. पुढे न गंजणारं पोलाद आलं, त्याला फ्रेंचमध्ये आयनॉक्स म्हणतात. 1921 मध्ये दोन्ही जोडून हे नाव झालं. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बघ, पोरगं आईला विसरलं नाही."

कायदाही तोच प्रश्न विचारतो

हा भाग मलाही नवा होता. रतनगड आणि हरिश्चंद्रगड हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. आणि त्या कायद्यानं 'शस्त्र' या शब्दात बंदूक, विष, फासे, जाळी यांच्याबरोबर चाकूही धरला आहे. शिकाऱ्यांना रोखायला ते केलं आहे, हे उघड आहे. पण अक्षर अक्षर वाचलं तर घडीचा चाकूही त्यात येतो.

मला हे वाचून राग नाही आला, बरं वाटलं. हरणाच्या, भेकराच्या बाजूनं बघितलं तर माणसाच्या हातातलं पातं हे शस्त्रच. ते काकडीसाठी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली.

म्हणून लेकीला सांगितलं, की चाकू लपवून न्यायचा नाही. लपवावासा वाटला तर तो न्यायचाच नाही. त्यांच्या ट्रेकप्रमुखानं परवानगीच्या अर्जाबरोबर स्वयंपाकाच्या सामानाची यादी जोडली, त्यात तिनं आपला चाकूही लिहायला लावला. नाही म्हटलं असतं तर बोथट टोकाची कात्री आणि घरून चिरून नेलेलं फळ एवढ्यावर भागवायची तयारी होती. तुमच्या मुली कुठल्याही अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात जाणार असतील, तर आधी वनखात्याकडे विचारायला सांगा.

देताना

शेवटी साडेतीन इंचांच्या आत पातं असलेला, लाकडी मुठीचा, कडी फिरवायचा चाकू घेतला. लाकूड ओलाव्यानं फुगतं आणि पातं घट्ट होतं, म्हणून पावसाळ्याला तो मी घेतला नसता. डिसेंबरला हरकत नव्हती. ग्रुपमधल्या आणखी दोन जैन मुलींना सांगितलं, वेगळा घेऊ नका, तिघींत एक पुरे.

आणि देण्याआधी तिला दोन दिवस स्वयंपाकघरात त्याच चाकूनं काम करायला लावलं. उघडायचा कसा, कडी फिरवायची कशी, मिटताना बोटं कुठे. चिरताना पातं आपल्यापासून लांब. चालताना मिटलेला, सॅकच्या आत, खिशात नाही. दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, त्यामुळे अंधारात चिरायची वेळच येत नाही. आपला नियम असा हाताच्या बोटांनाही वाचवतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या प्रमादापासून सुरू होते. गाफीलपणातून कुणाच्या प्राणाला इजा होणं, ही हिंसा. मग ज्या मुलीला आपण दहाव्या वर्षापासून विळीवर बसवतो, तिला गाफील न राहता चाकू धरायला शिकवणं हे धर्माचं शिक्षण नाही का? न शिकवता हातात देणं वाईट, तसंच न देता तिला उसन्या, कांदा चिरलेल्या चाकूवर सोडून देणंही.

तीन दिवसांनी लेक परत आली. चाकूनं काय केलं विचारलं. काकडी, पेरू, भडंगाचं पाकीट, मैत्रिणीच्या टाचेला पट्टी, एकदा दोरी. बस.

सासूबाईंनी चाकू मागून घेतला, उघडला, चष्मा लावून बिजागरी बघितली. "हे बघ, पेरूची बी राहिलीय आत. धुतलास म्हणतेस?" आणि काडीनं ती बी काढत बसल्या. लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तेव्हापासून तो चाकू स्वयंपाकघरात विळीशेजारी असतो आणि धुतला आहे की नाही ते सासूबाई बघतात.

जिनवाणीच्या विरुद्ध अजाणता काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.